सेट ऑटोक्लेव्हमध्ये नाही, कपाटात बिघडतो : या चुका टाळा

१२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब. ऑटोक्लेव्हचे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनचे, हे आकडे ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांना पाठ असतात. पुढे सेट (कापडात बांधलेली शस्त्रक्रियेची हत्यारं) कुठे आणि कसा ठेवायचा, हे विचारलं की नवी मुलं नुसतं कपाटाकडे बोट दाखवतात. छोट्या नर्सिंग होममधले निम्मे घोळ तिथलेच.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते गरम, दमट सेट घाईने बाहेर काढणाऱ्यांवर. कोकणातल्या एका नर्सिंग होममध्ये ऐन आषाढात रात्री सिझर आलं. सेट संध्याकाळीच ऑटोक्लेव्हला लावलेला. ब्रदरने ड्राइंग (मशीनमध्येच सेट वाळवण्याचा टप्पा) अर्धवट सोडून तो काढला आणि गार कडप्प्यावर ठेवून दिला होता. उघडला तर वरचं कापड कोरडं, आतलं ओलं. पेशंटला मणक्यात भूल दिलेली, डॉक्टर हात धुऊन उभे, आणि हा म्हणतो, "सिस्टर, टेपवर पट्टे आलेत की!" अरे बाबा, पॅकवरच्या टेपचे पट्टे उष्णतेने उमटतात; पॅक मशीनमध्ये जाऊन आला एवढंच ते सांगतात. ओलं कापड हातावरचे, फळीवरचे जंतू आत ओढून घेतं. दुसरा सेट कोरडा होता म्हणून निभावलं.

ड्राइंग पूर्ण होऊ द्या. मी नंतरही दार किलकिलं करून थांबते, मग सेट जाळीच्या रॅकवर सुटे सुटे ठेवते. पूर्ण गार होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, डॉक्टरांनीही नाही. ओला निघालेला सेट पंख्याखाली वाळवणारेही पाहिलेत. तो उघडायचा, कापड बदलायचं आणि पुन्हा ऑटोक्लेव्हला लावायचा.

दुसरं खूळ तारखेचं. "अजून सात दिवस झाले नाहीत, चालेल." पॅक जमिनीवर पडला, फाटला, भिजला की त्याच क्षणी बाद, तारीख काहीही असो. तारीख मीही घालते, पण जुना पॅक पुढे आणि नवा मागे राहावा म्हणून.

निळ्या दिव्याचं यूव्ही कपाट घेऊन निर्धास्त होऊ नका. तो प्रकाश कापडातून आत जात नाही, सावलीतही पोचत नाही. कपाटात जंतू मारायला ठेवलेल्या फॉर्मेलिनच्या गोळ्यांच्या वायूने डोळे चुरचुरतात, शिवाय तो कर्करोगकारक. कोरड्या, बंद कपाटाला दोन्हींची गरज नाही.

ड्रमची (गॉज, कापड ठेवायच्या धातूच्या डब्याची) छिद्रं ऑटोक्लेव्हमध्ये उघडी हवीत आणि बाहेर काढताक्षणी बंद. एकाच ड्रममधून दिवसभर थोडं थोडं गॉज काढत राहिलात, तर दुपारनंतर त्याला निर्जंतुक म्हणू नका. छोटे पॅक बांधायला कंटाळा येतो, ठाऊक आहे. बांधा.

पाउचच्या (एका बाजूला कागद, दुसरीकडे प्लास्टिक असलेल्या पाकिटाच्या) कागदी बाजूवर पेनने लिहू नका. स्टेपलर नको, रबरबँड नको, गच्च कोंबणं नको. बेसिनखाली तर काहीच ठेवू नका. खालची फळी जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटर वर, बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंटीमीटर सुटी. पावसाळ्यात आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. आर्द्रता मोजणारा ४०० रुपयांचा हायग्रोमीटर लावायला कोणाची हरकत नसावी.

राहिला चिटल फोर्सेप, म्हणजे निर्जंतुक सामान उचलायचा लांब चिमटा. अँटिसेप्टिकच्या बाटलीत तो आठवडाभर बुडवून ठेवतात आणि त्यानेच सामान उचलतात. माझ्याकडे तो ऑटोक्लेव्ह केलेल्या कोरड्या बाटलीत असतो, आणि दर शिफ्टला बाटलीसकट बदलतो.