पाटीवर जाऊ नका: अमेरिकेत चर्चचा पंथ कसा ओळखावा

नॅशव्हिलच्या आसपासच्या चर्चमध्ये मी बदली ऑर्गन वाजवते. नेहमीचा वादक आजारी पडला की मला फोन येतो, आणि रविवारी सकाळी मी एका अनोळखी इमारतीत वह्या सांभाळत शिरते. कुठल्या पंथाच्या चर्चमध्ये आलोय हे उपासना सुरू व्हायच्या आत कळलं नाही, तर भलत्या ठिकाणी भलतं वाजतं. त्यातून तयार झालेली ही माझी पद्धत. मित्राने चर्चला बोलावलंय किंवा कुणाच्या लग्नाला जायचंय, अशांनाही ती चालेल.

आधी माझी फजिती सांगते. एका लग्नासाठी फोन आला, चर्च ऑफ क्राइस्टमध्ये. मी आदल्याच महिन्यात युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये वाजवलं होतं, तेव्हा त्यांच्यातलंच एखादं असेल म्हणून विचारलंही नाही. दार उघडून आत गेले तर ऑर्गन नाही, पियानो नाही, साधी पेटीसुद्धा नाही. नवरीची मावशी, जिने मला ठरवलं होतं, ती दुसऱ्या पंथातली. तिलाही पत्ता नव्हता. चौघांनी चार सुरांत गायलेल्या गाण्यावर नवरी आत आली. खरं सांगायचं तर माझ्या वाजवण्यापेक्षा ते बरं झालं.

एका शब्दाचा फरक, पण दोन्ही घराणी पार वेगळी. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट 1957 साली एकत्रीकरणातून झालं. त्यातला एक धागा थेट मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांपर्यंत, म्हणजे कडक शिस्तीच्या जुन्या प्रोटेस्टंटांपर्यंत जातो, आणि आज ते उदारमतवादी म्हणून ओळखलं जातं. चर्च ऑफ क्राइस्ट आलं तेव्हाच्या पश्चिम सरहद्दीवरच्या स्टोन आणि कॅम्पबेल या धर्मोपदेशकांच्या चळवळीतून. पंथबिंथ सगळे मोडून फक्त बायबलातल्या नव्या कराराप्रमाणे वागायचं, असा त्यांचा आग्रह. 1832 साली केंटकीतल्या लेक्सिंग्टनला दोघांचे गट एक झाले. नव्या करारात उपासनेसाठी वाद्यांचा उल्लेख नाही, म्हणून वाद्यं नकोत असं एका गटाने धरलं, आणि 1906 च्या सरकारी धर्मगणनेत तो वेगळा पंथ म्हणून नोंदवला गेला. पंथ मोडायला निघालेल्यांचेच पुढे तीन झाले.

म्हणून पाटी सोडा आणि आत गेल्यावर पाणी शोधा, म्हणजे बाप्तिस्मा (पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा) कुठे देतात ते. व्यासपीठामागे पडदा आणि त्यामागे माणूस बुडेल एवढा हौद असेल, बहुतेक वेळा वर रंगवलेली नदीही, तर तुम्ही बॅप्टिस्टांकडे किंवा त्यांच्या विचारांच्या लोकांकडे आहात. आधी स्वतःचा विश्वास, मग पाणी, असा त्यांचा क्रम. तान्ह्या बाळाला विश्वास कबूल करता येत नाही, म्हणून त्याला बाप्तिस्मा नाही. दाराजवळ किंवा पुढे कमरेएवढ्या उंचीचं छोटं पात्र दिसलं तर तिथे बाळांना बाप्तिस्मा देतात: कॅथलिक, लुथरन, एपिस्कोपल, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट. देवाची कृपा माणसाच्या होकाराआधीच येते, असं या मंडळींचं म्हणणं, जरी प्रत्येकाची मांडणी निराळी असली तरी.

मग मेज. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि पेला वाटून घेण्याच्या विधीच्या वेळी माझं काम नेमकं किती लांबणार हे त्यावरून कळतं. बॅप्टिस्टांकडे तबकं बाकांवरूनच फिरतात, दोन गीतांत आटोपतं. ही आठवण आहे, भाकर भाकरच राहते, असं ते मानतात. लुथरनांकडे लोक उठून पुढे येतात, पाच-सहा गीतं हाताशी ठेवावी लागतात. भाकरीबरोबर ख्रिस्त खरोखर तिथे आहे, ही त्यांची श्रद्धा. कॅथलिकांच्या मते भाकरीचं तत्त्वच बदलतं. त्यांच्याकडे आणि लुथरनांतल्या मिसूरी सिनड या शाखेकडे पाहुण्याने जागेवर बसून राहावं. (नाव मिसूरीचं, पण त्यांची चर्च देशभर आहेत.) पेल्यात वाइनऐवजी साधा द्राक्षरस असेल तर मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट असण्याची शक्यता बरीच. न्यू जर्सीतला थॉमस वेल्च हा मेथडिस्ट दंतवैद्य. दारूबंदीच्या आग्रहापायी त्याने 1869 साली न आंबणारा रस तयार केला. दुकानातल्या वेल्चच्या बाटलीचं मूळ ते.

तिसरा प्रश्न चहाच्या वेळी सहज विचारा: तुमचे पास्टर कोणी नेमले? बिशपने पाठवले असतील तर मेथडिस्ट किंवा कॅथलिक. मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, मत देऊन बोलावले आणि वर कोणाची मंजुरी लागली नाही तर बॅप्टिस्ट. निवडलेले वडील (मंडळीतले ज्येष्ठ) आणि त्यांच्यावरची प्रेस्बिटरी (आसपासच्या चर्चचं मिळून मंडळ) असं काही ऐकू आलं तर प्रेस्बिटेरियन. हा प्रश्न कोरडा वाटतो, पण इमारत कोणाची हे त्यावर ठरतं. युनायटेड मेथडिस्टांत स्थानिक चर्चची मालमत्ता विश्वस्त म्हणून पंथासाठी धरलेली असते. 2019 ते 2023 दरम्यान समलैंगिकतेच्या वादात साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या, जवळजवळ चौथा हिस्सा, आणि इमारत घेऊन जायला पैसे मोजावे लागले. मी वाजवते त्यातल्या एकाच्या पाटीवर ‘युनायटेड’ची अक्षरं काढलेली आहेत. उन्हाने विटलेल्या पांढऱ्या रंगात तेवढाच पट्टा अजून लख्ख दिसतो.

या तीन प्रश्नांनी जे कळत नाही ते एक आहे, आणि ते विसरू नका. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये पाणी, मेज, बिशप सगळं मेथडिस्टच. सिद्धान्ताचं भांडण नव्हतंच, वंशाचं होतं. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या अ‍ॅबसलम जोन्स यांना, ते काळे म्हणून, ओढून उठवलं गेलं. प्रार्थना संपताच काळे लोक बाहेर पडले, आणि त्यांच्यातल्या रिचर्ड अ‍ॅलन यांनी 1816 साली हा स्वतंत्र पंथ उभा केला. सदर्न बॅप्टिस्ट यातलं ‘सदर्न’ही 1845 चं: गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावं की नाही, यावरून ते उत्तरेपासून फुटले. त्यांनी माफी मागितली 1995 साली. नावाच्या मागे तत्त्व शोधायला जाल तर इथे हाती काही लागणार नाही, तारीख विचारा.

पाटीवर पंथाचं नावच नसेल, नुसतं नदीचं, डोंगराचं किंवा आशेबिशेचं नाव असेल, तर मागे हौद आहे का तेवढं बघा, बहुतेक सापडतो. तिथे ऑर्गनवादकाला सहसा कोणी बोलावत नाही.

एवढं करूनही शंका उरलीच तर प्रभूच्या प्रार्थनेची वाट पाहा. ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ या जागी प्रेस्बिटेरियन ‘डेट्स’ म्हणतात, मेथडिस्ट आणि एपिस्कोपल ‘ट्रेसपासेस’, म्हणजे अपराध. एक शब्द आखूड, दुसरा लांब, त्यामुळे पाहुणा तिथे हमखास उघडा पडतो. मी ती ओळ आली की ओठ नुसते हलवते आणि पहिल्या बाकावरच्या आजी काय म्हणतात ते ऐकते.