अनलॉक फोनसाठी परवडणारा प्रीपेड प्लॅन: नाशिकमध्ये रिचार्ज मारण्याआधीचा हिशोब

रिचार्जच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "रोजचा दीड जीबी मारू की दोन?" त्याला उत्तर देण्याआधी दोन आकडे माहीत हवेत: आपण महिन्याला खरंच किती नेट वापरतो आणि प्लॅनचा एका दिवसाचा खर्च किती पडतो. हे दोन आकडे हातात असले की जाहिरातीतल्या निम्म्या गोष्टींकडे बघायचीही गरज पडत नाही.

पहिला आकडा फोनमध्येच असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शन्सच्या खाली डेटा वापर दिसतो. तिथे वायफायचा आकडा सोडून फक्त मोबाइल डेटाचा घ्या, आणि दोन सिम असतील तर सिमप्रमाणे वेगळा बघा. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानावरचा 'चालू कालावधी' आपोआप शून्य होत नाही. तो दोन-तीन वर्षांचा साठलेला आकडा असू शकतो, म्हणून आधी खाली जाऊन आकडेवारी रीसेट करा आणि 28 दिवस थांबा. सिडकोत किंवा इंदिरानगरला घरी फायबर, ऑफिसातही वायफाय, अशा माणसाचा मोबाइल डेटा महिन्याला चार-पाच जीबीच्या पुढे क्वचित जातो. तोच माणूस रोज दीड जीबीचा प्लॅन मारतो तेव्हा 28 दिवसांत 42 जीबी विकत घेतो. उरलेले 37 जीबी रोज रात्री बाराला थोडे थोडे करून संपतात, कारण रोजच्या कोट्यातलं उरलेलं नेट दुसऱ्या दिवशी मिळत नाही.

याउलट घरी वायफाय नाही, मुलगा कॉलेज रोडला क्लासला जातो आणि लेक्चर मोबाइलवरच बघतो, तर महिन्याला 2 जीबीचा स्वस्त प्लॅन दोन दिवसांत आटोपेल. व्हिडिओ साध्या 480पी दर्जावर बघितला तरी तासाला साधारण अर्धा जीबी जातो, 720पीवर त्याच्या दुपटीहून जास्त. अशा घराला रोजच्या कोट्याचाच प्लॅन घ्यावा लागतो. कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, यूपीआय रखडत का होईना होतं, पण फोटो आणि व्हिडिओ विसरायचे.

आता फोन. भारतातल्या दुकानातून घेतलेला स्मार्टफोन बहुतेक वेळा अनलॉकच असतो, म्हणजे त्यात कुठल्याही कंपनीचं सिम टाकता येतं. अडचण येते ती अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या किंवा एखाद्या कंपनीने स्वतःच्या सिमसोबत स्वस्तात विकलेल्या फोनची. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन 'कॅरियर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलंय का ते बघा. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघणं सर्वात सोपं. लॉक असेल तर स्क्रीनवर अनलॉक कोड मागितला जातो. एम. जी. रोडवर जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी *#06# दाबून फोनचा पंधरा अंकी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय काढा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम (KYM), मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात, असं काही आलं तर फोन कितीही स्वस्त असो, परत ठेवा. चोरीचा म्हणून आयएमईआय ब्लॉक झालेल्या फोनवर भारतात कुठल्याच कंपनीचं सिम चालत नाही.

अनलॉक म्हणजे सगळी सिम सारखी चालतील असंही नाही. फोनच्या माहितीपत्रकात एलटीई बँड, म्हणजे तो 4जीचे कोणते फ्रीक्वेन्सी पट्टे पकडतो, ते बघावे लागतात. जिओचं 4जी बँड 3, 5 आणि 40 वर आहे. जिओकडे 2जी-3जी नाहीच, त्यामुळे फोनमध्ये व्होल्टी (4जीवरून कॉल करायची सोय) नसेल तर कॉलच लागणार नाही. एअरटेल मुख्यतः 1, 3, 8 आणि 40 वर. बीएसएनएलचं नवं 4जी मोठ्या प्रमाणावर बँड 28 म्हणजे 700 मेगाहर्ट्झवर उभं आहे. बाहेरच्या देशांसाठी बनलेल्या काही आणि जुन्या स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा हाच बँड नसतो. मग लोक बीएसएनएलला नावं ठेवतात, आणि दोष असतो फोनचा. 5जीसाठी एन78 बँड हवा. जिओचं 5जी स्टँडअलोन, म्हणजे 4जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं असल्यामुळे फोनमध्ये 'एसए' सुद्धा चालू असावं लागतं. काही फोनमध्ये ते सॉफ्टवेअर अपडेटनंतरच सुरू होतं.

रेंज तपासणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. 'नाशिकमध्ये अमुक कंपनी चांगली' या वाक्याला काही अर्थ नाही. जुन्या नाशकातल्या जाड भिंतींच्या वाड्यात, अंबड-सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि पाथर्डी फाट्यावरच्या सातव्या मजल्यावर एकाच कंपनीचं सिम तीन तऱ्हांनी वागतं. पत्रा आणि सळईचं काँक्रीट सिग्नल अडवतात, आणि जितकी फ्रीक्वेन्सी जास्त तितका अडसर मोठा. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीच्या आडोशाला किंवा पेठ-सुरगाण्याच्या घाटातल्या पाड्यांवर तर टॉवर डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे त्यावर सगळं ठरतं. गावी आठवड्याला जात असाल तर तिथे कोणतं सिम लागतं, ते तिथल्याच किराणा दुकानदाराला विचारा. 2025 पासून कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे दाखवावे लागतात. ते बघा, पण नकाशा रस्त्यावरची रेंज दाखवतो, तुमच्या स्वयंपाकघरातली नाही.

काड्या मोजू नका, आकडा बघा. अँड्रॉइडवर अबाउट फोनमधल्या सिम स्टेटसमध्ये सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. हा आकडा उणे असतो: उणे 90 च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 105 पर्यंत काम भागतं, उणे 115 च्या खाली कॉल तुटायला लागतात आणि बॅटरीही भराभर उतरते, कारण फोन जोर लावून टॉवर शोधत राहतो. हा आकडा जिथे तुम्ही खरोखर बसता-झोपता तिथे घ्या, आणि रात्री नऊच्या सुमाराला घ्या. काड्या भरलेल्या आणि नेट नुसतं गोल फिरतंय, असं असेल तर रेंजचा नाही, टॉवरवरच्या गर्दीचा प्रश्न आहे. तो प्लॅन बदलून सुटत नाही. 2027 च्या सिंहस्थात स्नानाच्या दिवशी रामकुंडाच्या आसपास हेच होणार, महागडा 5जी प्लॅन असला तरी. त्या दिवशी खिशात थोडी रोकड ठेवलेली बरी.

घरात रेंज कमी पण वायफाय आहे, तर सिम बदलण्याआधी सेटिंग्जमधलं वायफाय कॉलिंग चालू करून बघा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, कॉल त्याच प्लॅनमधून जातो. अनेकांचं पोर्ट करणं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, एवढ्यावर टळतं.

दिवसाचा भाव काढा

प्लॅनची किंमत भागिले दिवस, एवढंच गणित. 28 दिवसांचा प्लॅन महिन्याचा नसतो. वर्षात तो 13 वेळा मारावा लागतो, म्हणजे तेरावा रिचार्ज आपण नकळत देतो. दूरसंचार नियामक ट्रायने 2022 मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावलं. पगाराच्या तारखेला बांधून घ्यायचं असेल तर तो शोधा. ॲपमध्ये तो बराच खाली असतो.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने आणखी एक चांगला नियम आणला: ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन सक्तीचे, आणि अशा पॅकची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये आलेले दर हिशोबाला घेऊ. एअरटेलचा 469 रुपयांचा 84 दिवसांना, म्हणजे दिवसाला 5 रुपये 58 पैसे. त्यांचाच 1849 चा 365 दिवसांना, म्हणजे 5 रुपये 7 पैसे. चार वेळा 469 मारले तर 1876 रुपये जातात आणि दिवस मिळतात 336. वर्षाचा घेतला तर 27 रुपये कमी आणि 29 दिवस जास्त. हा सौदा घेण्यासारखा. जिओकडे 448 चा 84 दिवसांना आणि 1748 चा 336 दिवसांना. चार वेळा 448 म्हणजे 1792. अकरा महिन्यांचे पैसे आधी अडकवून वाचतात फक्त 44 रुपये. इथे 84 दिवसांचाच मारत राहिलेलं बरं, कारण मधेच कंपनी बदलावीशी वाटली तर हात मोकळे राहतात. लांब मुदतीचा म्हणजे स्वस्तच, हे गृहीत धरू नका. दर बदलत राहतात, पण गुणाकार करायला अर्धा मिनिट लागतो.

आई-वडिलांच्या फोनला, किंवा फक्त बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलेल्या दुसऱ्या सिमला हे कॉलवाले प्लॅन उत्तम बसतात. मात्र त्या सिमचा मोबाइल डेटा बंद करून ठेवा.

दोन सिमच्या फोनचा खरा फायदा इथेच आहे. जुना नंबर स्वस्त कॉलच्या प्लॅनवर ठेवायचा आणि नेटसाठी घरात ज्याची रेंज सरस त्याचं दुसरं सिम. नेट ज्या महिन्यात लागेल त्याच महिन्यात मारायचं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्यांना छाटणीपासून काढणीपर्यंत नेट भरपूर लागतं, एरवी कमी. त्यांना ही रीत चांगली जमते.

काही बारीक अक्षरं. डेटा व्हाउचर म्हणजे प्लॅन नव्हे. मूळ प्लॅन संपलेला असेल तर व्हाउचर पडून राहतं. सर्वात स्वस्त प्लॅनमध्ये एसएमएसही मोजके असतात. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना एसएमएस आपल्याच सिमवरून जातो, तेव्हा ते संपलेले असले की नोंदणी अडते आणि माणूस बँकेला दोष देतो. अमर्याद 5जी जिओ आणि एअरटेलने जुलै 2024 च्या दरवाढीपासून साधारणपणे रोज 2 जीबी आणि त्यावरच्या प्लॅनशी जोडलं. घरात फोन 4जीवरच उतरत असेल तर ते अमर्याद नेट कागदावरच, तुमचा रोजचा कोटाच खर्च होतो. किंमत तीच ठेवून दिवस कमी करण्याची पद्धतही चालते, बीएसएनएलच्या पॅकमध्ये तसं झालेलं आहे, म्हणून दर वेळी दिवस वाचूनच पैसे भरा. आणि रिचार्ज कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून केला तर पेमेंट ॲपवाले घेतात तो एक-तीन रुपयांचा आकार वाचतो.

पोर्ट करायचंच ठरलं तर

आधी नव्या कंपनीचं वेगळं सिम घेऊन दुसऱ्या खाचेत 28 दिवस चालवा, मगच जुना नंबर न्या. कारण एकदा पोर्ट झालं की 90 दिवस हलता येत नाही. इंग्रजीत पोर्ट (PORT) असा शब्द, जागा, मग दहा अंकी नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवा. प्लॅन कोणताही असला तरी हा जायलाच हवा, तसा ट्रायचा आदेश आहे. उत्तरात नंबर हलवायला लागणारा आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो, महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. सर्कलमधल्या सर्कलमध्ये, म्हणजे एकाच दूरसंचार विभागात, तीन कामाचे दिवस लागतात. नाशिक महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं, मुंबईचं सर्कल वेगळं, म्हणून मुंबईचा नंबर इथे आणायचा तर पाच धरा. गेल्या सात दिवसांत सिम बदललं असेल तर कोडच मिळणार नाही. उरलेला बॅलन्स आणि प्लॅनचे उरलेले दिवस बुडतात, त्यामुळे प्लॅनची मुदत संपायच्या आठवडाभर आधी कोड काढा, वर्षाचा रिचार्ज मारल्यावर नव्हे.

दुकानात अंगठा देताना लक्ष असू द्या. "लागला नाही, परत द्या" म्हणत दुसऱ्यांदा घेतलेल्या अंगठ्यावर तुमच्याच नावाने आणखी एक सिम निघू शकतं. आठवड्याने सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते बघा, अनोळखी असेल तर तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवा. पोर्टच्या ऑफरमध्ये पहिला रिचार्ज स्वस्त असतो. दुसरा कितीचा, हे तेव्हाच विचारून घ्या.

पैसे कापले पण प्लॅन लागला नाही, तर 198 वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याशिवाय पुढे अपील होत नाही. न मागितलेली कॉलर ट्यून किंवा सेवा सुरू होऊन बॅलन्स गेला तर ती बंद करायला 155223 हा सगळ्या कंपन्यांना चालणारा मोफत नंबर आहे. जाहिरातींच्या कॉलचा त्रास असेल तर 1909.