‘डार्क सोल्स’ टेबलावर कसा आणावा : व्हिडिओ गेमवरून टेबलटॉप आरपीजी बेतण्याची रीत

एखादा आवडता फँटसी व्हिडिओ गेम मित्रमंडळींसोबत कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावा असे मनात आले, की बहुतेक जण सर्वप्रथम त्या गेममधले आकडे वहीत उतरवायला बसतात. कोणत्या तलवारीने किती इजा होते, कोणत्या चिलखताचे वजन किती, कोणत्या राक्षसाच्या अंगात किती प्राण, अशी पानेच्या पाने भरतात आणि खेळ मात्र उभा राहत नाही. कारण ते आकडे क्षणोक्षणी हिशेब करणाऱ्या यंत्रासाठी बेतलेले असतात आणि टेबलाभोवती बसलेल्या चार माणसांची संध्याकाळ त्यांच्या बेरीज-वजाबाकीतच संपून जाते. उतरवून घ्यायचा असतो तो खेळाडूपुढे वारंवार उभा राहणारा पेच. हे कसे करावे ते दाखवण्यासाठी येथे फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा, हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला आणि २०११ मध्ये आलेला ‘डार्क सोल्स’ घेतला आहे. या गेमवर अधिकृत टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे वठवत खेळायचा खेळ, २०२२ मध्ये निघाला असून तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या याच प्रकारच्या प्रसिद्ध खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे, तरीही आपल्या गटाला साजेसे, चार पानांत मावणारे नियम स्वतः बेतण्यात वेगळी मजा आहे.

१. पेच शोधावा

गेम पुन्हा सुरू करावा आणि शेजारी वही ठेवावी. काय घडले ते लिहू नये. आपण कोणत्या क्षणी थबकलो आणि कशाचा विचार केला, ते लिहावे. ‘डार्क सोल्स’च्या बाबतीत थोड्याच वेळात एक गोष्ट स्पष्ट होते. बॉनफायरपाशी, म्हणजे वाटेतल्या शेकोटीपाशी, विसावा घेतला की जखमा भरतात, एस्टस फ्लास्क ही जखमा भरणाऱ्या पेयाची बाटली पुन्हा भरते, पण वाटेत मारलेले सामान्य शत्रूही पुन्हा उभे राहतात. मेल्यास जमवलेले सगळे सोल्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारे या गेममधले चलन, मृत्यूच्या जागी पडून राहतात. तिथवर पोहोचण्याआधी दुसऱ्यांदा मेल्यास ते कायमचे जातात. त्यामुळे फ्लास्कमध्ये शेवटचा घोट उरलेला असताना पुढचा जिना चढावा की मागे फिरावा, या एका प्रश्नाभोवती सारा गेम फिरतो. आपल्या नियमांमधला जो नियम या प्रश्नाला धार देत नाही, तो खुशाल गाळावा. चिलखताचे वजन मी तरी पहिल्या फटक्यात गाळेन.

२. लढाई बोटांच्या वेगावरून बोलण्यावर आणावी

सर्वांत अवघड पायरी हीच. मूळ गेममध्ये शत्रूचा पवित्रा ओळखून नेमक्या क्षणी लोळण घ्यावी लागते. टेबलावर क्षण पकडता येत नाही, पण पवित्रा ओळखणे मात्र शक्य आहे. म्हणून प्रत्येक फेरीच्या आरंभी सूत्रधाराने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, शत्रू काय करू पाहतो आहे ते वर्णनातून सांगावे आणि त्यानंतरच खेळाडूंनी आपली कृती ठरवावी. “त्याने कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आहे” असे ऐकल्यावर बाजूला सरकणे शहाणपणाचे. “त्याने कुऱ्हाड कमरेपाशी मागे नेली आहे” असे ऐकल्यावर बाजूला सरकणारा हमखास कापला जाईल, त्याला मागे हटणे किंवा थेट शत्रूच्या अंगाशी भिडणे भाग आहे.

फाशांचे गणित साधे ठेवावे. दोन सहापैलू फासे टाकून आठ किंवा अधिक आल्यास कृती यशस्वी मानावी. ही शक्यता सुमारे ४२ टक्के असते. खेळाडूने पवित्रा बरोबर ओळखून योग्य दिशा सांगितली, तर बेरजेत दोन मिळवावेत. शक्यता एकदम ७२ टक्क्यांवर जाते. एवढ्या फरकामुळे टेबलावरचे सगळे जण सूत्रधाराचे प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकू लागतात आणि मूळ गेममधली सावधगिरी आपोआप येते.

याला स्टॅमिनाची, म्हणजे दमाची, जोड द्यावी. प्रत्येक खेळाडूला दर फेरीस चार सोंगट्या द्याव्यात. वार करण्यास एक, जोरकस वार करण्यास दोन, ढालीने अडवण्यास एक आणि लोळण घेण्यास दोन सोंगट्या खर्च होतात, आणि फेरी संपेपर्यंत त्या परत मिळत नाहीत. शत्रू खेळाडूंच्या नंतर वार करतो, त्यामुळे ज्याने आणखी एका घावाच्या मोहात सगळ्या सोंगट्या उधळल्या, त्याच्याकडे अंग वाचवायला काहीच उरत नाही.

मोठ्या शत्रूंसाठी पाच-सहा कार्डांची गड्डी करावी, प्रत्येक कार्डावर एक पवित्रा लिहावा आणि गड्डी एकदा पिसल्यावर, संपल्यानंतरही, त्याच क्रमाने फिरवावी. ‘डार्क सोल्स’च्या २०१७ मधील बोर्ड गेममध्ये बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूंची, कार्डे अशीच त्याच क्रमाने पुन्हा येतात, आणि खेळाडू तो क्रम हळूहळू पाठ करतात.

३. मरणाचा कंटाळा येऊ देऊ नये

पडद्यावर तोच रस्ता पुन्हा तुडवायला दोन मिनिटे लागतात. टेबलावर त्याच तीन लढाया पुन्हा खेळायला तास जातो आणि निम्मे लोक फोन काढून बसतात. म्हणून एकदा जिंकलेली लढाई पुन्हा पूर्ण खेळू नये. बॉनफायरपासून मृत्यूच्या जागेपर्यंतच्या वाटेवर दर टप्प्याला गटातल्या एकाने एकदाच फासे टाकावेत. यश आल्यास पुढे जावे, अपयश आल्यास कोणाचा तरी एस्टसचा एक घोट कमी करावा. त्या टप्प्याबद्दल खेळाडूंनी आधीच्या खेपेला काही हेरले असेल, उदाहरणार्थ पिंपांमागे दडलेला भालेवाला, तर फासेही टाकायला लावू नयेत. सोल्ससाठी खरी नाणी वापरावीत आणि पात्र मेले की ती सर्वांसमक्ष नकाशावर त्या जागी मांडावीत. वहीत लिहिलेला आकडा विसरला जातो, नाण्यांचा ढीग डोळ्यांसमोर राहतो.

एस्टसचे घोट मूळ गेममध्ये साध्या बॉनफायरपाशी पाच मिळतात. चार जणांच्या गटात एकमेकांना वाचवता येत असल्यामुळे प्रत्येकी पाच फार होतात. तीनपासून सुरुवात करावी.

४. नकाशा गाठी आणि वाटांचा काढावा

चौकोनांच्या कागदावर खोल्या मोजत बसण्यापेक्षा ठिकाणांची वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा काढाव्यात. फायरलिंक श्राइन या गेममधल्या मुक्कामाच्या जागेपासून अनडेड बर्ग, तिथून अनडेड पॅरिश, आणि पॅरिशच्या चर्चमधली लिफ्ट थेट पुन्हा फायरलिंकला उतरते, हा वळसा या गेमच्या रचनेचा आत्मा आहे. प्रत्येक तीन-चार वर्तुळांमागे अशी एक बंद वाट ठेवावी, जी फक्त पलीकडून उघडते. आपण कुठे येऊन पोहोचलो हे लिफ्ट थांबल्यावर गटाला कळते, तेव्हाचा गलका ऐकण्यासारखा असतो.

५. एक लढाई पूर्ण मांडून पाहावी

सगळे नियम लिहून होण्याआधीच टॉरस डेमन या गेममधल्या एका बॉसची लढाई बसवावी. जागा म्हणजे तटाची अरुंद भिंत; आपण आलो त्या टोकाला बुरूज, त्यावर जाणारी शिडी आणि वर दोन तिरंदाज. भिंतीवरून चार पावले पुढे गेल्यावर समोरच्या टोकाला अवाढव्य डेमन उडी घेतो. मूळ गेममध्ये शिडी चढून, तिरंदाजांना मारून वरून त्याच्या डोक्यावर झेप घेतल्यास भरपूर इजा होते, आणि कधीकधी तो स्वतःच भिंतीवरून खाली कोसळतो. सूत्रधाराने शिडीचा उल्लेख लढाई सुरू होण्याआधी, सहज बोलल्यासारखा करावा. झेपेने तिप्पट इजा होते असे नियमात लिहून ठेवावे, पण खेळाडूंना सांगू नये. त्यांनीच विचारले, तर तात्काळ हो म्हणावे. कोणी नियमांत नसलेली युक्ती काढली, तर तिला वाव द्यावा, कारण यंत्राला जे जमत नाही ते माणूस सूत्रधाराला जमते. तिघे जण त्याला तटाच्या कडेकडे ओढू पाहत असतील, तर फासे टाकू द्यावेत आणि आठ आले की डेमन खाली जाऊ द्यावा.

६. कथा कार्डांवर वाटावी

या गेमची कथा बरीचशी वस्तूंच्या वर्णनांतून उलगडते. म्हणून सूत्रधाराने इतिहासाचे व्याख्यान देऊ नये. सापडलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचे दोन ओळींचे कार्ड ज्याला ती सापडली त्याच्या हातात ठेवावे, आणि कार्डांमध्ये जाणूनबुजून फटी सोडाव्यात. खेळाडू त्या फटी स्वतःच्या तर्कांनी भरतात. त्यातला एखादा तर्क आपल्या कल्पनेपेक्षा सरस निघाला, तर तोच खरा धरावा.

७. प्रसिद्ध करायचे असल्यास

घरी खेळण्यासाठी मूळ नावे वापरायला कोणी हरकत घेत नाही. नियम विकायचे किंवा जाहीरपणे वाटायचे असतील, तर ठिकाणांची, पात्रांची आणि वस्तूंची नावे, चित्रे आणि वर्णने स्वतःची करावीत, कारण ती मूळ कंपनीच्या मालकीची असतात. वरील फाशांऐवजी तयार पाया हवा असल्यास ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत, श्रेयनिर्देश करून ते व्यावसायिक कामातही वापरता येतात.