पोलोला स्पेसर लावताय? आधी बोल्ट बघा

हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे धातूची चकती, लावली की चाकं थोडी बाहेर येतात आणि फोक्सवॅगन पोलो भारदस्त दिसते, हे मान्य. पण स्वस्तातला 'सगळ्या गाड्यांना बसतो' असा स्पेसर घेऊ नका. त्याची भोकं लांबट असतात आणि मधलं भोक हबपेक्षा मोठं. चाक हबवर टेकत नाही, बोल्टांच्या भरवशावर लटकतं आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं.

पोलोचं माप 5×100 (100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर 5 बोल्ट), मधलं भोक 57.1 मिमी. स्पेसर याच मापाचा हवा. हबवर घट्ट बसणारा, बाहेरच्या बाजूला चाकासाठी तेवढ्याच मापाची कड असलेला. दोन पातळ स्पेसर एकावर एक तर कधीच नकोत.

खरी मेख बोल्टांत आहे. पोलोला नट नसतात, 14 मिमी जाडीचे बोल्ट थेट हबमध्ये जातात. 10 मिमीचा स्पेसर लावला की मूळ बोल्टची पकड तेवढीच कमी होते, म्हणून बोल्टही मूळपेक्षा बरोबर 10 मिमी जास्त लांब घ्या. अंदाजाने जास्त लांब घेतला तर मागच्या ड्रममध्ये आतले भाग घासतात. बसवल्यावर चाक हाताने फिरवून कान देऊन ऐका. बोल्टचं डोकंही जुळायला हवं: कंपनीच्या चाकांना गोल बैठकीचं, बाहेरून घेतलेल्या अलॉय चाकांना बहुधा शंकूच्या आकाराचं.

आधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. बोल्ट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) 120 न्यूटन-मीटरवर आवळा आणि 50 ते 100 किमीनंतर पुन्हा तपासा. विमा कंपनीलाही बदल आधीच कळवा.