इतिहास-भूगोलाचा घटक घरी घ्यायचा तर आधी काय तयार हवं

मुलाला घरी शिकवायच्या घटकासाठी, म्हणजे एकाच विषयावरच्या काही आठवड्यांच्या अभ्यासासाठी, वहीच्या पहिल्या ओळीवर एक प्रश्न लिहा. 'प्राचीन इजिप्त' हा प्रश्न नव्हे, ते धड्याचं नाव झालं. 'दोन्ही बाजूंना वाळवंट असताना नाईलच्या काठी एवढं मोठं राज्य कसं टिकलं?' हा प्रश्न. याचं उत्तर नुसत्या इतिहासात सापडत नाही आणि नुसत्या भूगोलातही नाही. घटक निवडताना माझी कसोटी एवढीच असते. प्रश्न हाती येईपर्यंत बाकी काही जमवू नका. पुस्तकं, चित्रं, माहितीपट आधी गोळा झाले की घटक त्यांच्यामागे फरफटत जातो आणि महिनाभर मूल ममीची चित्रं रंगवत बसतं.

प्रश्न ठरला की लगेच शेवटच्या दिवसाचं चित्र ठरवा. त्या दिवशी मुलाला काय करता यायला हवं? कोऱ्या कागदावर नाईल हातानं काढायची, पूर कुठून यायचा, शेती कुठे व्हायची आणि राजधान्या तिथेच का वसल्या हे बोट ठेवून सांगायचं. दहा वर्षांच्या मुलासाठी एवढं भरपूर आहे. हे लिहून ठेवलंत की यादीतल्या निम्म्या गोष्टी गळून पडतील. त्यांना गळू द्या.

आता तुमचं स्वतःचं वाचन, आणि याला किमान दोन आठवडे द्याच. वाचताना इतिहास आणि भूगोल जिथे एकमेकांत अडकतात ती जागा शोधायची. नाईलच्या बाबतीत ती अशी आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, वारा मात्र बहुतेक वेळ उत्तरेकडून वाहतो. म्हणजे जाताना प्रवाहाबरोबर जायचं आणि येताना शीड उभारायचं. एकाच नदीवर दोन्ही दिशांची वाहतूक फुकटात. त्यांच्या चित्रलिपीतही दक्षिणेला जाण्यासाठी शीड उभारलेली होडी येते आणि उत्तरेला जाण्यासाठी शीड उतरवलेली. वारा, प्रवाह, राज्यकारभार आणि लिपी एका होडीत बसतात. अशी एक जागा सापडली की घटक उभा राहिला समजा. ती सापडेपर्यंत तारखा ठरवू नका.

नकाशांची तयारी सर्वांत जास्त चोख हवी. एक पृथ्वीगोल, त्या प्रदेशाचा एक चांगला प्राकृतिक नकाशा, कोऱ्या आराखड्याच्या निदान सहा प्रती आणि ट्रेसिंग पेपर. पृथ्वीगोल नसेल तर आधी तो मिळवा, कारण भिंतीवरचा जगाचा नकाशा आकारांबद्दल फसवतो. नकाशाकार मर्केटरनं 1569 मध्ये केलेलं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) खलाशांना दिशा धरून जायला उत्तम होतं, पण त्यात ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. मुलाला आधी नकाशा दाखवा, मग गोल हातात द्या आणि फरक त्यालाच शोधू द्या. दक्षिण इजिप्तला 'वरचा इजिप्त' म्हणतात, मग तो नकाशात खाली का आहे, हा प्रश्नही असाच राखून ठेवा. याचं उत्तर नदीच्या उतारात आहे आणि मुलं ते स्वतः काढतात.

कालरेषेसाठी कागदाची लांब पट्टी लागते. बिलाच्या मशीनचा रोल उत्तम. 1 सेंटिमीटर म्हणजे 10 वर्षं असं प्रमाण धरलं की 5,000 वर्षांना 5 मीटर लागतात, म्हणजे ती लावायला भिंत किंवा लांब व्हरांडा आधीच बघून ठेवा. खूफू राजाचा पिरॅमिड इ.स.पू. 2560च्या सुमाराचा, क्लिओपात्रा राणीचा मृत्यू इ.स.पू. 30 मधला. पट्टीवर या दोघांत अडीच मीटर अंतर पडतं, आणि क्लिओपात्रापासून आजपर्यंत जेमतेम दोन मीटर. आमच्याकडे हे मोजलं तेव्हा मुलीनं फूटपट्टी तीनदा लावून पाहिली. तोवर तिच्या मनात सगळं 'खूप पूर्वी' एकाच ढिगात होतं. इसवी सनाला शून्य वर्ष नाही, इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, हेही खूण करण्याआधी तुम्हाला माहीत असू द्या.

हातानं करायचं काम एकच निवडा, पण ते आधी स्वतः करून बघा. आम्ही ट्रेमध्ये वाळू भरून एक टोक उंच केलं, बोटानं चर काढला आणि वरून गढूळ पाणी सोडलं. पहिल्यांदा पाणी तांब्यानं ओतलं, तर चरच वाहून गेला. दुसऱ्यांदा स्पंज भिजवून हळूहळू पिळला. तेव्हा पाणी सपाट भागात येताच मंदावलं आणि बारीक माती पंख्यासारखी पसरत बसली. त्रिभुज प्रदेश कसा तयार होतो हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागलं नाही. इजिप्तमध्ये पाऊस नसताना तिथल्या भर उन्हाळ्यात पूर कसा यायचा, हेही इथेच सांगता येतं: पाऊस इथिओपियाच्या उंच प्रदेशात पडतो आणि ते पाणी गाळ घेऊन नील नाईल (ब्लू नाईल) या उपनदीतून खाली यायचं.

साधनं दोन-तीनच ठेवा, पण अस्सल. रोझेटा शिळेचा स्पष्ट फोटो छापून घ्या. ती 1799 मध्ये सापडली, तिच्यावर पुरोहितांचा एकच ठराव तीन लिप्यांत आहे आणि फ्रेंच अभ्यासक शांपोलियनला चित्रलिपीचा उलगडा 1822 मध्ये झाला. फोटो समोर ठेवून आधी विचारा: यातली एकच लिपी येत असेल तर बाकीच्या कशा वाचाल?

वेळापत्रक पाच आठवड्यांचं, आठवड्याला चार दिवस. त्यातला एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवा, कारण मूल जिथे अडकून बसतं तिथेच खरं शिकणं चालू असतं. दोन वयांची मुलं असतील तर विषय आणि वाचन एकत्र, काम वेगळं. तुमच्या भागात होमस्कूलिंगच्या नोंदी मागत असतील तर तारखेसह फोटो आणि लिखाणाची फाईल पहिल्या दिवसापासून ठेवा.

शेवटचं म्हणजे भिंतीवर एक कोरा कागद, 'अजून न सुटलेले प्रश्न' या नावाचा. आमच्या कागदावर नाईलवरच्या अस्वानच्या मोठ्या धरणाबद्दल एक ओळ आली. ते 1970 मध्ये पूर्ण झालं, पूर थांबला, तर गाळ आता कुठे जातो? तो धरणामागच्या नासर सरोवरात साचतो, एवढं उत्तर त्याच दिवशी मिळालं. त्यावर मुलीनं खाली लिहिलं, 'मग शेतांना काय घालतात?' तो आमचा पुढचा घटक.