शेल्टरमधली दयामरणाची नोंद कशी वाचायची

"आम्ही एकाही प्राण्याला मारत नाही" असं कुठल्या शेल्टरने सांगितलं की मी आल्या-गेल्या प्राण्यांचा वर्षाचा पूर्ण तक्ता मागते. शेल्टरच्या नोंदवह्या लिहिणं हेच माझं स्वयंसेवेचं काम, त्यामुळे खोड लागली आहे म्हणा.

आधी बेरीज जुळते का बघा. समजा, वर्षाच्या सुरुवातीला ६० प्राणी होते आणि वर्षभरात ५०० आले. त्यातले ३१० दत्तक गेले, ७० मालकांकडे परतले, ६० दुसऱ्या संस्थेला दिले, ४० जणांना दयामरण दिलं, २० आजाराने गेले आणि वर्षअखेर ५० उरले. बेरीज होते ५५०. मग १० कुठे गेले? पळाले असतील, लिहायचे राहिले असतील. पण कुणाला तरी ते सांगता आलं पाहिजे.

आता टक्केवारी. जिवंत बाहेर पडले ४४०. बाहेर गेल्याची नोंद असलेल्या ५०० पैकी हे ८८ टक्के. पण आजाराने गेलेले २० आणि मालकाच्या विनंतीवरून दयामरण दिलेले, समजा, १५ वगळले, की तोच आकडा ९४.६ होतो. 'नो-किल', म्हणजे प्राणी न मारणारं शेल्टर, म्हणवून घ्यायला साधारण ९० टक्क्यांची रेघ मानतात, म्हणजे शेल्टर आरामात पलीकडे! यात लबाडीच असते असं नाही. शेल्टरची आकडेवारी मांडण्याच्या, अमेरिकेत २००४ साली ठरलेल्या असिलोमार पद्धतीतही शेल्टरमध्ये मेलेले प्राणी आणि मालकाच्या विनंतीवरून दयामरण दिलेले असाध्य आजारी प्राणी या हिशेबात धरत नाहीत. म्हणून टक्केवारीखाली 'काय वगळलं' हे लिहिलेलं नसेल तर ती टक्केवारी मी वाचतच नाही.

दयामरणाच्या प्रत्येक नोंदीत कारण हवं, निर्णय कुणी घेतला ते हवं. 'आजारी' एवढ्यावर भागत नाही. मूत्रपिंड निकामी की नुसती सर्दी? 'स्वभाव' लिहिलं असेल तर कुणाला चावला, केव्हा, आणि आल्याआल्याच तपासला की जरा रुळू दिल्यावर, हेही विचारा. घाबरलेलं मांजर पहिल्या दिवशी फिस्कारणारच. जागा नव्हती म्हणून मारलं असेल तर तसंच लिहिणारं शेल्टर मला जास्त विश्वासाचं वाटतं.

पद्धत विचारायला संकोचू नका. शिरेतून पेंटोबार्बिटलचं (जास्त मात्रेत दिलेलं भुलीचं औषध) इंजेक्शन ही मान्य पद्धत आहे. भेदरलेल्या प्राण्याला आधी गुंगीचं औषध देतात. थेट हृदयात टोचायचं ते प्राणी पूर्ण बेशुद्ध असेल तरच. शेवटी ठोके थांबल्याची खात्री स्टेथोस्कोपने कुणी केली, त्याची सही असते का?

दयामरण शून्य दिसलं तर किती प्राणी दारातूनच परत पाठवले ते विचारा. असाध्य वेदनेत पडून असलेल्यांचं काय करतात, तेही.

पुढच्या वर्षी पुन्हा मागाल तेव्हा जुना तक्ता शेजारी ठेवा आणि आकड्यांआधी रकाने तेच आहेत का बघा.