बातमीदारीतून हॉटेल-समीक्षेकडे : आंरी गो यांच्या कारकिर्दीतून काय शिकावे

हॉटेलांवर लिहू लागल्यापासून नव्या मुलामुलींचा एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो : या कामासाठी कोणता अभ्यासक्रम करावा? हॉटेल मॅनेजमेंट केलेलेही तो विचारतात आणि पत्रकारितेची पदविका घेतलेलेही विचारतात. त्यांना मी आंरी गो या फ्रेंच पत्रकाराची कारकीर्द बारकाईने पाहायला सांगतो. हा माणूस स्वयंपाकघरातून नव्हे, तर वृत्तपत्राच्या कचेरीतून या क्षेत्रात आला, आणि त्याने जे मिळवले ते चोखंदळ जिभेपेक्षा बातमीदाराच्या सवयींच्या जोरावर मिळवले, असे माझे मत आहे.

गो यांचा जन्म १९२९ सालचा, नॉर्मंडीतला. पॅरिसच्या ‘पारी-प्रेस’ या दैनिकात असताना ते शनिवार-रविवारच्या भटकंतीवर लिहीत. पॅरिसकरांनी सुटीत कुठे जावे, काय पाहावे, हा त्या लेखनाचा विषय. फिरायला गेलेल्याला भूक लागतेच, त्यामुळे वाटेवरच्या खाणावळींचा उल्लेख त्यात ओघानेच येऊ लागला आणि वाचकांना तोच भाग अधिक भावला. त्याच दैनिकातले ख्रिस्तियाँ मियो यांनी हे हेरले आणि दोघांची जोडी जमली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जुलियार या प्रकाशनसंस्थेसाठी पॅरिसची मार्गदर्शिका लिहिली, १९६९ मध्ये स्वतःचे मासिक काढले आणि १९७२ पासून ‘गो-मियो’ या नावाने त्यांची फ्रान्सभरची मार्गदर्शिका निघू लागली.

या जोडीने नेमके कोणते वेगळे काम केले, हे कळण्यासाठी त्यांच्या आधीची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. मिशेलिन या टायर कंपनीची मार्गदर्शिका १९०० सालापासून मोटारधारकांसाठी निघत होती आणि १९२६ पासून ती तारांकन करत होती. पण तिची भाषा चिन्हांची होती. एखाद्या हॉटेलाला दोन तारे का आणि शेजारच्याला एकच का, याचे कारण वाचकाला कुठेही वाचायला मिळत नसे. गो आणि मियो यांनी हे कारण गद्यात लिहायला घेतले. पदार्थ कसा शिजला होता, वाढणारा कसा वागला, बिल किती झाले, मालक कोण आणि तो पूर्वी कुठे होता, हे सगळे चार-सहा खुसखुशीत वाक्यांत सांगायचे, प्रसंगी बोचरे लिहायचे, आणि बड्या हॉटेलांच्या बरोबरीने गल्लीतल्या अनोळखी भोजनगृहाचीही दखल घ्यायची, ही त्यांची रीत होती. नवख्या लेखकाने पहिली नक्कल करायची असेल तर याच रीतीची करावी. ‘अप्रतिम’, ‘चविष्ट’, ‘तोंडाला पाणी सुटले’ यांपैकी एकही शब्द न वापरता दोनशे शब्दांत एका थाळीचे वर्णन लिहून पाहावे. बहुतेकांची लेखणी तिसऱ्या वाक्याशी अडते, कारण जेवताना त्यांनी काही टिपलेलेच नसते.

टिपण्याविषयी अधिक सांगायला हवे. विख्यात फ्रेंच शेफ पॉल बोक्यूझ यांच्याकडे दुपारी भरपेट जेवल्यावर संध्याकाळी हलकेसे काही मागितले, तेव्हा श्रावणघेवड्याच्या कोवळ्या शेंगांची साधी कोशिंबीर पुढे आली आणि तिच्या साधेपणाने आपण थक्क झालो, ही हकीगत गो-मियो स्वतः सांगत असत. कोणताही खवय्या तिथे ‘वा!’ म्हणून थांबला असता. या दोघांनी मात्र तिच्यात बातमी पाहिली. फ्रान्समधले इतर तरुण शेफही जड, पिठाळ सॉस टाकून देत आहेत, मासा आणि भाज्या कमी शिजवत आहेत, बाजारात ताजे काय मिळाले त्यावर त्या दिवशीचे पदार्थ ठरवत आहेत, हे त्यांनी ठिकठिकाणी जाऊन पाहिले, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये आपल्या मासिकात दहा आज्ञांच्या रूपाने ते मांडले. ‘नुव्हेल क्विझीन’, म्हणजे ‘नवी पाककला’, हे नाव त्या लेखामुळे जगभर गेले. हे दोघे त्या पाककलेचे जनक नव्हते. विखुरलेल्या घटनांमधला समान धागा ओळखून त्याला वेळेवर मथळा देणे ही त्यांची कामगिरी होती, आणि ती निखळ पत्रकारितेची आहे. पुढे त्याच मथळ्याखाली मोठ्या ताटलीत चिमूटभर पदार्थ वाढण्याची फॅशन आली आणि तिची यथेच्छ टिंगल झाली, हेही विसरता येत नाही. चांगला मथळा लेखकाच्या हातात राहत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की शक्य असेल त्याने आधी काही काळ शहर-वार्ताहर म्हणून काम करावे. महापालिका, पोलीस ठाणे, बाजार समिती, कुठलेही खाते चालेल. नाव-पत्ता दोनदा तपासणे, ऐकीव गोष्ट दुसऱ्याकडून पडताळणे, ठरल्या वेळेत मजकूर देणे, या सवयी तिथे अंगी बाणतात आणि पुढे अक्षरशः प्रत्येक लेखात उपयोगी पडतात. स्वयंपाकाचे ज्ञान मागाहून मिळवता येते. भल्या पहाटे मासळीबाजारात जाऊन भाव विचारले, एखाद्या आचाऱ्याच्या परवानगीने त्याच्या भटारखान्यात दुपारभर उभे राहिले, तरी पुष्कळ कळते.

गुण द्यावेत की नाही, हा या व्यवसायातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. गो-मियो यांनी फ्रेंच शाळेप्रमाणे वीसपैकी गुण देण्याची पद्धत ठेवली. त्या शाळांत वीसपैकी वीस सहसा कोणाला मिळत नाहीत, आणि मार्गदर्शिकेनेही पूर्ण वीस गुण प्रथम दिले ते २००४च्या आवृत्तीत, शेफ मार्क व्हेरा यांना. वाचकाला आकडा आवडतो, तो लक्षात राहतो, खपही वाढवतो. पण फेब्रुवारी २००३ मध्ये सोल्यू या गावचे विख्यात शेफ बेर्नार लुआझो यांनी आत्महत्या केली, तेव्हा त्यांचे गुण याच मार्गदर्शिकेत नुकतेच १९ वरून १७ वर आले होते, आणि मिशेलिन आपला तिसरा तारा काढून घेईल अशीही भीती त्यांना वाटत होती. प्रत्यक्षात तो तारा कायम होता. कर्ज आणि नैराश्य यांचाही भार त्यांच्यावर होता. त्यामुळे त्या मृत्यूचे खापर दोन गुणांवर फोडणे योग्य नाही. मी स्वतः आकडे देत नाही. अर्धा गुण का कापला हे मला वाक्यात सांगता येत असेल, तर ते वाक्यच पुरेसे आहे. सांगता येत नसेल, तर तो अर्धा गुण कापण्याचा मला अधिकार नाही.

राहिला पैशाचा व्यवहार. बिल आपण भरावे किंवा वृत्तपत्राने भरावे, हॉटेलने कधीही नाही. निमंत्रणावरून गेल्यास तो लेख समीक्षा म्हणून छापू नये. मराठीत या सदरांचे मानधन इतके तुटपुंजे असते की महागड्या हॉटेलांत स्वखर्चाने दोनदा जाणे परवडत नाही, आणि एका भेटीवर मत बनवणे मला पटत नाही. त्यावर उपाय म्हणजे खाणावळी, इराणी हॉटेले, मिसळीची दुकाने, महामार्गावरचे ढाबे यांवर लिहिणे. संपादकांना असे विषय हवेच असतात आणि तिथे खरी बातमीही अधिक सापडते.

१९८०च्या दशकात गो त्या मार्गदर्शिकेतून बाहेर पडले. २००० साली त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये मियो यांचे. मालकी नंतर हस्तांतरित होत राहिली, तरी मुखपृष्ठावर दोघांची नावे अजून छापली जातात. म्हणून सदर सुरू करण्यापूर्वी लेखांचे हक्क कोणाकडे राहतील, संग्रह काढायचा झाल्यास परवानगी लागेल काय आणि आपण सोडून गेल्यावर सदराचे नाव कोण वापरील, हे संपादकांकडून लेखी घ्यावे. साधे ई-मेलही चालते. फक्त ते पहिला लेख छापून येण्याआधी हातात असावे.